हिरवा रंग म्हणजे गवत नव्हे



गेल्या पंचवीस-तीस वर्षांत माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या आपल्या तालुक्यांची जमीन किती उकरली गेली, याचा हिशेब कुणीही मांडलेला नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे कालवे खोदले गेले. डोंगर कापून रस्ते रुंद केले. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आल्या आणि त्यांचे अवजड भाग वर नेण्यासाठी उतार तासून वाटा काढल्या. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, समतल चर झाले. यातल्या कितीतरी कामांसाठी आपणच मोर्चे काढले, आपणच श्रमदान केले. पाणी आले त्याचा आनंद आहेच. पण या प्रत्येक कामाने मागे एक गोष्ट ठेवली, ती म्हणजे उघडा पडलेला मुरूम. कालव्याच्या दोन्ही अंगांना ढीग, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेली दरड. वळवाच्या पहिल्या सरीत तिला घळी पडतात आणि दोन पावसाळ्यांत तोच मुरूम खालच्या माणसाच्या जोंधळ्याच्या रानात येऊन बसतो. बांधाच्या वर काम कुणाचे, बिल कुणाचे, याच्याशी त्या खालच्या माणसाचा काडीचा संबंध नसतो. त्याच्या वाट्याला येतो तो मुरूम.

हा खालचा माणूस आपला आहे. म्हणून हे लिहितो आहोत.

दोन वर्षांपूर्वी मे अखेरीस आम्ही अशाच एका रुंद केलेल्या रस्त्याच्या दरडीखाली उभे होतो. गावाचे नाव सांगत नाही, कंत्राटदाराचेही नाही. माणूस वाईट नव्हता, मिळालेले काम करत होता. एका ट्रकवर टाकी, टाकीत फिरणारी पाती आणि वर तोफेसारखी नळी. टाकीत लाकडाचा आणि कागदाचा लगदा, गवताचे बी, खत, चिकटवायला डिंक आणि हिरवा रंग. हे सगळे पाण्यात कालवून दरडीवर फवारत होते. याला म्हणतात हायड्रोमल्च. दोन तासांत ती बोडकी दरड पाहावी तर हिरवीगार! साहेबांची गाडी आली, फोटो निघाले, गाडी गेली. आमच्या शेजारी एक आजोबा काठी टेकून बघत होते. म्हणाले, "म्हशीला हिरवा चष्मा लावून वाळला कडबा घालत्यात, असं ऐकलं हुतं. हितं माणसास्नीच लावलाय की."

नागपंचमीला आम्ही तिथे परत गेलो. जूनमध्ये दोन सरी झाल्या होत्या, तेवढ्या ओलीवर बी उगवलेही होते. मग आपल्याकडे नेहमी होते तेच झाले. तीन आठवडे उघडीप, वर वारा. लगद्याच्या पापडासारख्या खपल्या झाल्या, कडा वर वळल्या, खालची दोन पानांची रोपे करपली. पुढे ऑगस्टच्या एका जोरकस पावसाने खपल्या सोलून पायथ्याच्या गटारीत नेल्या. दिवाळीत दरड होती तशी बोडकी. हिरवा होता तो फक्त गटारीच्या कडेचा हातभर पट्टा. तो कशाचा, म्हणून वाकून बघितले तर हराळी! आणि गटारीच्या पलीकडे एका विधवा बाईचे अडीच एकर शाळूचे रान.

ज्यांनी हराळी खणून काढायला कुदळ चालवली आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. हराळीने माती धरते हे खरे. पण काळ्या रानात एकदा ती शिरली की बापाने खणावी आणि मुलानेही खणावी. बियाण्यात काय काय होते, असे आम्ही त्या कामावरच्या इंजिनिअरला विचारले. तो म्हणाला, "मिक्स आहे." मिक्स! दुकानदाराने आपल्याला जोंधळ्याचे बी 'मिक्स आहे' म्हणून दिले असते, तर आपण पिशवी त्याच्या डोक्यावर ओतली असती.

आता नीट विचार करू. आम्ही यंत्राचे वैरी नाही. हे तंत्र अमेरिकेत १९५० च्या दशकात तिथल्या महामार्गांच्या उतारांसाठी निघाले आणि जिथे माणसाला पायच ठेवता येत नाही, अशा उभ्या दरडीवर बी टाकायला त्याच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. खंबाटकीसारख्या घाटात, काथ्याची जाळी अंथरून, वरून हा फवारा मारावा; कुणी नको म्हणत नाही. महाबळेश्वरच्या अंगाला, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जूनपासून ओल तुटत नाही, तिथे तर बी उगवून मूळ धरायला उसंत मिळते. (तिथे वाहून जाण्याची भीती मात्र जास्त, म्हणून जाळी हवीच.) पण त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग सप्टेंबरात, आणि मधल्या उघडिपीचा भरवसा नाही. एकाच जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख आहेत आणि दोन्हीकडे तोच ट्रक, तीच टाकी, तोच दर. आमचे भांडण आहे ते इथे.

पाण्याचा हिशेब करा. या काल्यात १०० लिटर पाण्याला साधारण ६ किलो लगदा घालतात. हेक्टरी सव्वादोन ते अडीच टन लगदा धरला तर पाणी झाले ४०,००० लिटरच्या आसपास. म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर, एका हेक्टरच्या दरडीला, मे महिन्यात, ज्या तालुक्यात त्याच रस्त्यावरून माणसांना प्यायचे पाणी टँकरने जाते तिथे. आणि उगवल्यानंतर उघडिपीत जगवायचे पाणी वेगळेच. ते तर कुणी देतच नाही.

डिंकाचाही हिशेब करा. हा चिकट पदार्थ बहुधा गवारीच्या बियांपासून केलेला असतो. गवार पिकवतो राजस्थान-हरयाणातला आपल्यासारखाच कोरडवाहू शेतकरी. तो बी कच्चे विकतो आणि पूड होऊन, डब्यात बसून, दहा हातांतून गेल्यावर ती आपल्या दरडीवर येते. कापूस कच्चा विकून कापड विकत घेण्याची आपली सवय शंभर वर्षांची आहे. आता झाकायला पालापाचोळा आणि कडेला उगवणारे गवतही विकत घ्यायचे राहिले होते, तेही झाले.

आणि हा पालापाचोळा आपल्याकडे कमी आहे का? कराड-वाळव्याच्या पट्ट्यात ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट निघते आणि अजूनही कितीतरी ठिकाणी ते काडी लावून पेटवले जाते. एका एकराच्या पाचटात एक हेक्टर दरड झाकून वर उरते. पन्नास-साठ किलोमीटरवर पूर्वेकडे मुरूम उघडा पडलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याचे पांघरूण जाळतात. मधले भाडे एका ट्रॅक्टरचे. ज्यांच्या घरी पऱ्हाटी आहे त्यांनाही एक सांगायला हवे. पऱ्हाटी तशीच पसरू नका, ढीगही लावू नका. तिच्यातल्या बंद बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसलेली असते. हंगाम संपताच बारीक तुकडे करून घेतलेली पऱ्हाटी आच्छादनाला उत्तम. कडब्याचे तर नावच काढू नका. कडबा ज्याच्या गंजीत आहे त्याने तो जनावरालाच घालावा.

हे सगळे आम्ही शहाणपणाने सांगतो आहोत असे कुणी समजू नये. आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली आणि गवत हा विषय आम्ही मुख्यतः 'तण' या मथळ्याखाली शिकलो. पवन्या, मारवेल, कुसळी, अंजन, धामण यांतला फरक आम्हाला पदवीने शिकवला नाही, एका मेंढक्याने शिकवला. चळवळीत आल्यावर खटावच्या पूर्वेकडच्या एका गावी कालव्याच्या ढिगाऱ्यावर गवत करायचे आम्ही ठरवले आणि तीनदा तोंडावर आपटलो.

पहिल्यांदा अंजनाचे आणि मारवेलचे ताजे बी ऑक्टोबरात जमवून परतीच्या पावसावर फेकले. उगवले नाही. उगवणार कसे? या गवतांचे ताजे बी काही महिने झोपलेले असते, ते ठेवून पुढच्या मृगाला पेरायचे असते. हे वाक्य पुस्तकात होते. आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. दुसऱ्या वर्षी वेळेवर पेरले, पण वर झाकले काहीच नाही. एका रात्रीच्या पावसाने सगळे बी पायथ्याला नेले आणि पंधरा दिवसांनी ढिगाऱ्याच्या तळाशी दोरी धरून पेरल्यासारखी गवताची एक ओळ उगवली. गाव हसले. तिसऱ्या वर्षी गवत आले, चांगले गुडघाभर आले, आणि त्या उन्हाळ्यात चारा संपल्यावर एका रात्रीत जनावरे घातली गेली. कुणी घातली ते आम्हाला माहीत आहे. आम्ही त्यांना दोष दिला नाही. ज्याच्या दावणीला गाय हंबरते त्याला कुंपणाची भाषा सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या घरी एक जनावर बांधून बघावे.

चौथ्या वर्षी मात्र जमले, आणि आजही तो ढिगारा उभा आहे. काय केले ते सांगतो. उन्हाळ्यात माथ्यावर एका धनगराची मेंढरे आठ रात्री बसवली, रानात बसवतो तशीच, ठरलेले पैसे आणि धान्य देऊन. लेंडी-मूत पडले, खुरांनी मुरूम फुटून बी अडकायला जागा झाली. उतारावर समपातळीत हात-दीड हाताच्या अंतराने टिकावाने बोटभर खोल रेघा ओढल्या, खोल चर नव्हे. तलावातला गाळ, शेण आणि वर्षभर ठेवलेले बी एकत्र मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या. बायकांनी आणि शाळेच्या पोरांनी तीन दुपारी बसून केल्या. गोळीतले बी वाऱ्याने उडत नाही, मुंगी नेत नाही आणि सुरुवातीच्या चुकार सरीला फसून लगेच उगवत नाही. गोळ्या रेघांत टाकल्या, वर पाचट पसरले. पाचटातून जमीन थोडी थोडी दिसली पाहिजे, इतकेच पसरायचे. जाड थर झाला की कोंब खालीच कुजतो. वाऱ्याने पाचट जाऊ नये म्हणून बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या आडव्या टाकून त्यांवर धोंडे ठेवले. काट्यांचा दुसरा उपयोग असा की शेळी दोनदा विचार करते. पावसाने जोर धरला तेव्हा पायथ्याला आणि घळींच्या तोंडाशी मारवेलचे मुळासकट ठोंब लावले.

एक गोष्ट राहिली. नुसते पाचट कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेते आणि गवत पिवळे पडते. मेंढरे आधी बसवली होती म्हणून आम्ही वाचलो. ज्यांना मेंढरे मिळणार नाहीत त्यांनी गोळ्यांत शेणाचे प्रमाण वाढवावे.

त्या वर्षीही उघडीप पडली होती. पण पाचटाखाली ओल राहिली, गोळ्या टप्प्याटप्प्याने फुटल्या आणि सप्टेंबरच्या पावसाने गवताला उभे केले. आमच्या हिशेबात खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा होता आणि मजुरी गावातच राहिली. पाण्याचा एकही टँकर लागला नाही.

हे लिहिताना मन खाते ते वेगळ्याच गोष्टीने. वर सांगितलेल्यात नवे काय आहे? सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ साली सुरू झाले. उघड्या जमिनीवरून किती पाणी आणि माती जाते याची मोजमापे तिथे झाली. एन. व्ही. कानिटकरांचे त्यावरचे पुस्तक १९४४ साली आले. बांधबंदिस्तीचा मुंबई इलाख्याचा कायदा १९४२ चा. झाशीला गवत आणि चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९६२ पासून आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात गवतांवर काम झाले आहे. ज्ञान कपाटात आहे. पण तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन 'मारवेलचे बी द्या' म्हणून बघा. दुकानदार तुम्हाला तणनाशकाची बाटली दाखवील.

सरकारचे कागदही बघा. महामार्गांचे हरित धोरण २०१५ सालचे, त्यात प्रकल्पखर्चाचा १ टक्का झाडा-झुडपांसाठी, हिरवाईसाठी ठेवायची तरतूद आहे. रस्ते मंत्रालयाच्या कामांच्या तपशिलात बी पेरणे आणि आच्छादन करणे याचे वेगळे कलम आहे, क्रमांक ३०८. म्हणजे पैसा आहे, कलम आहे. पण मोजायचे ते चौरस मीटर. किती चौरस मीटरवर काम झाले ते मोजले जाते. तिसऱ्या वर्षी किती चौरस मीटरवर गवत उभे आहे ते मोजायला कोणी येते का? आपल्या शिवारातल्या कामांवर तरी आम्ही असा माणूस पाहिलेला नाही. नांगरट झाली म्हणून पीक आले, असे धरून पट्टी देणारा आडत्या तुम्ही कधी पाहिला आहे का?

कालव्याच्या कडेची कथा आणखी निराळी. जमीन आपली होती, संपादनात गेली. आता तिच्यावरचे गवत कापले तर चोरी आणि न कापले तर फाल्गुनात वणवा. ज्या गवतावर कुणाचाच हक्क नाही त्याची राखणही कुणी करत नाही, आणि गवताला बियाण्यापेक्षा, खतापेक्षा, लगद्यापेक्षा जास्त गरज असते ती दोन पावसाळ्यांच्या राखणीची. हे आमच्या तिसऱ्या वर्षाने आम्हाला शिकवले. चौथ्या वर्षी आम्ही तंत्र सुधारले हे खरे. पण गवत टिकले ते दुसऱ्या कारणाने. त्या वर्षी पेरणीच्या आधी सभा घेतली आणि कागद केला : या ढिगाऱ्यावरचे गवत कोणत्या अकरा घरांचे, त्यात भूमिहीन किती, मेंढक्याचा वाटा किती, पहिल्या वर्षी कुणीच कापायचे नाही, दुसऱ्या वर्षी बी पडल्यावर विळ्याने कापायचे, मोकळे चरायचे नाही. कागदाला कायद्याचे बळ शून्य. पण अकरा घरे रात्री उठून जनावरे हाकलत होती.

इथे धनगर बांधवांशी एक बोलायचे आहे. चराईबंदी म्हटले की पहिली काठी तुमच्यावर पडते, हे आम्ही जाणतो. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी केली ती आपापल्या ग्रामसभेत, आपापल्या परिस्थितीत केली. तीच उचलून माडग्याळी मेंढीच्या मुलखात आणून टाकायची, हे आम्हाला मान्य नाही. मेंढरू हा उघड्या मुरमाचा शत्रू नाही. चुकीच्या महिन्यात आलेले मेंढरू शत्रू आहे. पेरणीआधी बसवा, गवत धरेपर्यंत दूर ठेवा, आणि त्या दोन वर्षांत तुमचा जो चारा बुडेल त्याचा मोबदला कामाच्या अंदाजपत्रकातून मिळाला पाहिजे. डिंकाला पैसे आहेत, हिरव्या रंगाला पैसे आहेत, मग मेंढक्याला का नाहीत?

काही जण म्हणतील, पाण्याचा लढा सोडून हे गवताचे काय काढले? आपल्यातलेच म्हणतील, आणि डाळिंब-द्राक्षवाले आधी म्हणतील. त्यांना दोन आकडे देतो. २०१९ च्या चारा छावण्यांत सरकार एका मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये देत होते. एका खिलार गाईला रोज ७ किलो वाळले गवत धरा. मुरमाच्या ढिगाऱ्याच्या एका हेक्टरवर वर्षाला फक्त एक टन गवत आले असे धरा, तरी एक गाय साडेचार महिने जगते. छावणीच्या दराने ते १४,००० रुपये झाले. म्हसवडच्या छावणीत जे राहिले आहेत, ज्यांनी २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली तिथे जनावराजवळ रात्री काढल्या आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आणि ज्यांना फक्त कालव्याचेच पडले आहे त्यांनी आपल्या पोटचाऱ्या बघाव्यात. त्यांत बसलेला मुरूम कुठून आला? शेजारच्याच ढिगाऱ्यावरून.

गायरानांकडेही बघा. बोडके गायरान म्हणजे 'पडीक'. एकदा पडीक असा शिक्का बसला की ते कुणालाही द्यायला सोपे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात गायरानांवर सौर पट्ट्या लावायचे काम निघाले. दिवसा वीज आपल्यालाही हवी आहे, तिला आमचा विरोध नाही. पण ज्या गायरानावर कमरेइतके गवत आहे आणि त्याचे वाटेकरी कागदावर आहेत, ते मागायला येणाऱ्याला निदान ग्रामसभेत उभे राहून बोलावे लागेल. बोडके असेल तर तेवढेही लागणार नाही.

१९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या माणसांनी एक साधा प्रश्न विचारला होता : ही खडी फोडून आमचा दुष्काळ कसा हटणार? त्या प्रश्नातून मुक्ती संघर्षाची चळवळ वाढली, बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधले, भूमिहीनांसह सर्वांना पाणी हा विचार मांडला. के. आर. दाते मूळचे स्थापत्य अभियंते, पण काडी-काटकी, गवत, पालापाचोळा यांना सिमेंट-लोखंडाइतके मोलाचे बांधकामाचे साहित्य मानावे, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांचे ऐकणारे इंजिनिअर तेव्हा थोडे होते, आजही थोडेच आहेत. आज प्रश्न तोच आहे, फक्त खडीच्या जागी लगदा आला आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे आणि ती जिल्हाधिकारी, पाटबंधारे आणि बांधकाम या तिन्ही दरवाजांवर न्यायची आहे. आपल्या कोरडवाहू तालुक्यांत कालवा, रस्ता किंवा पवनचक्कीच्या कामाने जिथे जिथे मुरूम उघडा पडला आहे, तिथे माणूस उभा राहू शकतो असा प्रत्येक उतार गावातल्या गटाला द्यावा. फवाऱ्याचा जो दर कंत्राटदाराला मंजूर आहे तोच गटाला द्यावा, एक पैसाही जास्त नको. बियाण्यात कोणती गवते आहेत ती नावानिशी लिहावीत. हराळी शेताच्या कडेला चालणार नाही. निम्मे पैसे पेरणीनंतर आणि निम्मे दुसऱ्या दिवाळीला, गवत मोजून. मोजायचे कसे? सुतळीची एक मीटर बाय एक मीटर चौकट करायची, उतारावर वेगवेगळ्या दहा जागी टाकायची, आत जिवंत ठोंब मोजायचे. सरासरी आठच्या खाली गेली तर पैसे नाहीत. ही अट गटालाही लागू आणि कंत्राटदारालाही लागू. आम्हाला सवलत नको. आणि त्या गवताच्या कापणीचा हक्क दहा वर्षांसाठी लेखी हवा, भूमिहीनाच्या आणि मेंढक्याच्या नावासकट.

साहेब म्हणतील, नियमात बसत नाही. त्यांनी कलम ३०८ समोर घ्यावे आणि ते नेमके कुठे अडते ते लेखी द्यावे.

आता बैठकीविषयी. प्रत्येक गावाने येताना आपल्या शिवारातल्या उघड्या उतारांची यादी आणावी : कालव्याचा किंवा रस्त्याचा किलोमीटर, अंदाजे लांबी-उंची, खाली कुणाचे रान आहे, मुरूम किती आत आला आहे. चौकट टाकून मोजणी केली असेल तर आकडे आणावेत, शून्य असेल तर शून्य लिहावे. कुसळी, मारवेल, अंजन, पवन्या यांचे बी पिकले की हाताने ओरबाडून घ्यावे, दोन दिवस सावलीत वाळवावे आणि सुती पिशवीत भरावे. प्लास्टिकमध्ये भरू नये, बुरशी येते. पिशवीत गवताचे नाव, गाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी टाकावी. नाव ठाऊक नसेल तर मुळासकट एक ठोंब बरोबर आणावा; बैठकीला मेंढके येणार आहेत, ते ओळखतील.